गाव तेच, धनी निराळे : वसईचा धर्मग्राम आणि त्याचे धर्मगुरू



मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच एका तरुणाने आम्हाला दाराशी गाठलं आणि विचारलं, ‘सर, आपल्या जत तालुक्यातली सीमेवरची गावं उद्या खरंच कर्नाटकात गेली, तर ती तीच गावं राहतील का?’ २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या ४० गावांचा विषय काढला, तेव्हा घराघरांत हीच चर्चा होती, ते तुम्हाला आठवत असेल. आम्ही त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. घरी आल्यावर ध्यानात आलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवूनही या प्रश्नाला आमच्याकडे सरळ उत्तर नाही.

तेव्हा आज थोडं आडवाटेने जाऊ. आपल्या गावाबद्दल विचार करायला बसलं की राग, अभिमान, पाणी, पुढारी सगळं मध्ये येतं. म्हणून जरा लांबचं उदाहरण घ्यायचं. आम्ही घेतलंय वसईचं. तिथल्या कॅथलिक धर्मग्रामांचं आणि त्यांच्या धर्मगुरूंचं. पावणेपाचशे वर्षांत या मंडळींचे धनी इतक्या वेळा बदलले, की आपण जतकरांनीही तोंडात बोट घालावं. आणि आपणही काही कमी नाही बरं का. डफळ्यांचं संस्थान, साताऱ्याची जहागीर, मग इंग्रजांची देखरेख, १९४८ मध्ये विलीनीकरण, १९४९ पासून दक्षिण सातारा जिल्हा, १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली. एवढं होऊनही मार्गशीर्षात यल्लमाची यात्रा भरायची ती भरतेच आहे.

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिरजेचं मिशन हॉस्पिटल आणि डॉ. वानलेस आठवतात. ती मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांपैकी. कॅथलिकांची घडी वेगळी. गावाला फादर, फादरांच्या वर बिशप, बिशपांच्या वर रोमचे पोप. बिशपांचा जो मुलूख त्याला धर्मप्रांत म्हणतात, आणि एका चर्चभोवतीचा, एका प्रमुख धर्मगुरूच्या हवाली केलेला जो समाज, तो धर्मग्राम. वसईच्या मराठीत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे.

फादर येतात, काही वर्षं राहतात, बिशपांचं पत्र आलं की दुसऱ्या धर्मग्रामात जातात. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, तेव्हा गादी वारशाने जात नाही. आपल्या तालुक्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून गुरुदेव रानड्यांनी नाम घेतलं, ते गुरु-शिष्याचं नातं जन्माचं. धर्मग्रामातला फादर असा कुणी निवडलेला गुरू नसतो. तो नेमलेला असतो. तरीही एखाद्या फादरांचं नाव तीन पिढ्या निघतं आणि एखाद्याचं बदलीच्या दुसऱ्या दिवशी कुणी काढत नाही. हे असं का होतं, त्याकडे नंतर येतोच.

आता एक गंमत पाहा. कॅथलिक चर्चचा लेखी कायदा आहे. १९१७ च्या संहितेत धर्मग्राम म्हणजे धर्मप्रांताच्या भूमीचा एक वेगळा काढलेला तुकडा, त्याचं चर्च, त्याचे लोक आणि त्याचा धर्मगुरू, अशी मांडणी होती. आधी जमीन. १९८३ ची नवी संहिता म्हणते, धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा स्थिर स्वरूपाचा समाज. जमिनीची हद्द व्यवहारात आजही असते, पण व्याख्येत माणसं पुढे आली. धर्मग्राम ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती मानलेली आहे, आणि अशी व्यक्ती मुळात कायमची असते. अधिकाऱ्याने रीतसर बरखास्त केली, किंवा शंभर वर्षं तिचा काही व्यवहारच झाला नाही, तर ती संपते. शंभर वर्षं! ज्याने हे कलम लिहिलं त्याने इतिहास पाहिलेला होता.

आता आमची चूक सांगतो. आम्ही तरुण होतो, मुंबईजवळच्या एका महाविद्यालयात शिकवत होतो. १९८० नंतरची पाच-सहा वर्षं. वर्गात ‘अस्मिता’ या विषयावर बोलताना आम्ही ऐटीत म्हणून गेलो, की वसईचे ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज राज्याचा मागे उरलेला अवशेष. तास संपल्यावर एक मुलगा आला. शांत. म्हणाला, ‘सर, रविवारी आमच्याकडे या.’ बस्स, एवढंच.

गेलो. केळीच्या बागा, विहिरी, कौलारू घरं. त्याची आजी लाल लुगडं नेसलेली, आणि ती जे बोलत होती त्यातलं निम्मं आम्हाला कळेना. ती सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात. मराठीच, पण आपल्या कानाला सवय नसलेली. पोर्तुगीज अवशेष शोधायला गेलेला प्राध्यापक मराठीतच नापास झाला. मग तो मुलगा आम्हाला चर्चच्या कचेरीत घेऊन गेला. तिथल्या वयस्क फादरांनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढून टेबलावर ठेवली. जीर्ण पानं, पोर्तुगीज मजकूर. पुढे लॅटिन, मग इंग्रजी, मग मराठी. हस्ताक्षरं बदलत गेलेली, सह्या बदलत गेलेल्या. आडनावं आणि वाड्यांची नावं मात्र तीच, पान उलटलं तरी तीच. फादर म्हणाले, ‘सही करणारे आम्ही पाहुणे. ज्यांची नोंद आहे ते घरचे.’

अशा वह्या का असतात, तेही सांगायला हवं. सोळाव्या शतकात ट्रेंट इथे कॅथलिकांची मोठी परिषद झाली. तिने १५६३ मध्ये ठरवलं, की लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर व्हावं आणि त्याची नोंद वहीत व्हावी. चोरून लग्नं आणि मग नाकबुली, हे युरोपातलं दुखणं होतं, त्यावरचा हा इलाज. त्या इलाजाने वसईच्या शेतकऱ्याला, कोळ्याला, सुताराला लेखी इतिहास मिळाला. आपल्याकडे सामान्य कुळाच्या चार पिढ्या काढायच्या तर हेळव्याला विचारावं लागतं.

आता मुळापासून सांगतो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियनही आले. फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले. पुढच्या पन्नास वर्षांत किल्ल्यात आणि बाहेरच्या गावांत चर्चं उभी राहिली. यातलं सगळं सरळ मार्गाने झालं नाही. देवळं मोडली गेली, सत्तेचा दाब होता, जमिनीची आणि नोकरीची लालूच होती, गोव्याच्या इन्क्विझिशनची सावली इथवर पोचत होती. काही जण मनापासून गेले असतील, काही भीतीने, काही पोटासाठी. सुरुवात अशी मिश्र होती. पण सुरुवातीवरून पुढच्या बारा पिढ्यांचं माप काढायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. आमचं मत, काढू नये. आपल्यापैकी किती घराणी आदिलशाहीच्या वतनावर उभी राहिली? त्यावरून आज कुणी त्यांना विजापूरचे म्हणत नाही.

या वसईचा सगळ्यात मोठा माणूस धर्मगुरू नव्हता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, आई इथली, बाप पोर्तुगीज. जेझुइटांच्या हाताखाली वाढला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, ती भाषा शिकला. मग व्यापारात पडला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला. फादर म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. जपानी उत्तम येत होती, म्हणून हिदेयोशीसमोर दुभाषा म्हणून उभा राहिला. पुढे हवा फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत. नागासाकी हे नाव ध्यानात ठेवा, तिथे परत जायचंय.

१७३९. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शाळेत आपण हे छाती फुगवून शिकतो, आणि त्यात गैर काही नाही, पराक्रम होताच. त्या विजयाची खूण आपल्या जवळच आहे. वाईपाशी मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथली मोठी घंटा वसईकडच्या चर्चमधून आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच घंटा आहे. आम्ही मेणवलीला गेलो तेव्हा एक बाई ती घंटा वाजवून हात जोडत होत्या. घंटेला काय, वाजवणारा बदलला तरी तिचा सूर तोच.

पण ज्या गावांतून घंटा गेल्या, तिथे काय झालं? पोर्तुगीज सैन्य, अंमलदार, श्रीमंत घराणी आणि युरोपीय संन्यासी गलबतांत बसून गेले. किल्ल्यातली भव्य चर्चं ओस पडली, त्यांचे सांगाडे आज आपण पाहतो. गावातला ख्रिस्ती शेतकरी कुठे जाणार? त्याची बाग इथे, विहीर इथे. तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा राखली होती. त्यांच्यासाठी मागे राहिले ते गोवेकर धर्मगुरू. वर्णाने काळे, पगाराने गरीब, आणि आतापर्यंत गोऱ्या संन्याशांच्या खाली मान घालून राहिलेले. त्यांची नावं चर्चच्या इतिहासात ठळक अक्षरांत येत नाहीत. पेशव्यांच्या राज्यात, परक्या धर्माचे म्हणून संशयाच्या नजरेत, पाठीशी कुठलंही आरमार नसताना त्यांनी बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, मयतं केली आणि वह्या लिहिल्या. पुढे १७६० च्या सुमारास आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी ठाण्यातून गेला. ठाणंही तेव्हा मराठ्यांकडेच होतं. तिथला चर्चचा सण हजारोंच्या गर्दीत, कुणाची आडकाठी नसताना पार पडताना त्याने पाहिला आणि त्याला आश्चर्य वाटलं. आम्हाला मात्र यात दोन्ही बाजूंचं कौतुक वाटतं. मराठी राज्याचंही, त्या गोवेकर पाद्र्यांचंही.

एकोणिसावं शतक आम्ही भरभर उरकणार, कारण ते कंटाळवाण्या भांडणाचं आहे. पोपने पूर्वी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचे बिशप नेमण्याचा हक्क दिला होता. पोर्तुगालचं राज्य गेलं, पण राजा हक्क सोडेना. रोमने आपले वेगळे अधिकारी पाठवले. झालं, एका गावावर दोन धनी. एक गट गोव्याचं ऐकणार, दुसरा रोमने धाडलेल्याचं. प्रकरण किती हातघाईवर यावं? १८५३ मध्ये माहीमचं चर्च दुसऱ्या गटाच्या हाती जाऊ नये म्हणून खुद्द बिशप हार्टमान आपल्या माणसांसह आत कोंडून घेऊन बसले. बाहेर विरोधकांचा वेढा. दोन्हीकडचे कॅथलिक, दोन्हीकडे तीच प्रार्थना. शेवटी इंग्रज मॅजिस्ट्रेटला मध्ये पडावं लागलं.

वसई या काळात गोव्याच्या बाजूला राहिली. १८८६ च्या करारानंतर दमणच्या धर्मप्रांतात गेली. १९२८ मध्ये दमण मोडलं आणि वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. तिथेही ठरलं काय, तर एक आर्चबिशप पोर्तुगीज, पुढचा ब्रिटिश, आळीपाळीने! १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आले, तेव्हा कुठे पहिल्यांदा भारतीय माणूस त्या जागी बसला. आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे हिशेब करा. राज्यकर्ते पोर्तुगीज, पेशवे, इंग्रज, स्वतंत्र भारत. धर्माचं ठाणं गोवा, दमण, मुंबई, वसई. या फेऱ्यांत नंदाखालचा केळीवाला कुठेही गेला नाही. तो नंदाखाललाच होता. (हशा)

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर डोकं वर काढतो. ग्रीकांची थिसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फळी कुजली की बदलायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथावरून हेच विचारलं : चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. पुढे हॉब्सने जहाजाच्या गोष्टीला वाकडं वळण दिलं. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांतून दुसरं जहाज बांधलं तर? आता खरं जहाज कुठलं?

वर्गात हे सांगितलं की मुलं जांभया देतात. म्हणून चला नागासाकीला.

गोन्सालो गार्सिया तिथे मेला, त्यानंतर काही वर्षांनी, १६१४ मध्ये, जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हाकललं, उरलेल्यांना मारलं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं त्या देशात ख्रिस्ती लोकांना एकही फादर नव्हता. वसईला निदान गोवेकर होते, यांना कुणीच नाही. त्यांनी आपापसांत कामं वाटून घेतली. एक जण बाप्तिस्मा देणारा, एक जण सणवारांचं कॅलेंडर सांभाळणारा. प्रार्थना तोंडपाठ. लॅटिन शब्द झिजून झिजून ओळखू न येण्यासारखे झालेले. देश परदेशीयांना खुला झाल्यावर नागासाकीत ओउरा इथे फ्रेंचांनी चर्च बांधलं आणि ते त्या २६ जणांच्या नावाने वाहिलं. म्हणजे त्या नावात आपला वसईकरही आला. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावची काही माणसं दबकत त्या चर्चमध्ये आली, त्यांनी फादर पेतीझाँ यांना हळूच आपली ओळख दिली आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. फादरांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

गोष्ट इथे संपवली तर ती गोड आहे. पण ती इथे संपत नाही. पुढे हजारो लपलेले ख्रिस्ती उघडपणे कॅथलिक चर्चमध्ये आले, आणि बऱ्याच जणांनी यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, आमच्या वाडवडिलांनी जीव धोक्यात घालून जे जपलं तोच आमचा धर्म. तुम्ही आता येऊन सांगता की तुमचा बाप्तिस्मा नीट झालेला नाही, प्रार्थना चुकीच्या आहेत? ते आपल्या झिजलेल्या प्रार्थना म्हणत वेगळेच राहिले. हॉब्सची दोन जहाजं खरोखर समुद्रात उतरली! एक रोमशी पुन्हा जोडलं गेलेलं, दुसरं जुन्या फळ्यांचं. यांतलं खरं कुठलं, हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. आमचा ओढा जुन्या फळ्यांकडे आहे, पण तो ओढाच, युक्तिवाद नव्हे.

जपानचा आणि आपल्या भागाचा आणखी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातारा-सांगलीचा हा मुलूख कॅथलिकांच्या हिशेबी पुणे धर्मप्रांतात येतो. तो धर्मप्रांत १८८६ चा, आणि सुरुवातीला जर्मन जेझुइटांकडे होता. १९०७ पासून बिशप होते हाइनरिश डोरिंग. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते युरोपात होते. जर्मन म्हणून इंग्रज सरकार त्यांना परत येऊ देईना. इथले जर्मन फादर आधी नजरकैदेत गेले आणि मग १९१५-१६ मध्ये त्यांना जहाजांत घालून मायदेशी धाडलं. धर्मप्रांत आहे, बिशपही आहेत, पण बिशप सात समुद्रांपार. रोमने १९२१ मध्ये त्यांना जपानला धाडलं, कुठे, तर हिरोशिमाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत बिशप राहिले. गेले तेव्हा इंग्रजांचं राज्य ऐन भरात, निवृत्त झाले तेव्हा स्वतंत्र भारत. अशा वेळी गावोगाव वेळेवर घंटा वाजवायला कुणीतरी लागतं. ती वाजवणारी माणसं बिशप नसतात.

यावरून कुणी म्हणेल, मग फादर हवेत कशाला? नाही, तसं आम्हाला म्हणायचं नाही. कॅथलिकांत मिस्सा फादरांशिवाय होत नाही. वर आम्ही विचारलं होतं, की एखाद्याचं नाव तीन पिढ्या का निघतं. आम्हाला वाटतं, जो लोकांच्या हाती काहीतरी देऊन जातो त्याचं निघतं. आणि देण्यासारख्या गोष्टींत सगळ्यात मोठी म्हणजे भाषा.

१९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होती. उत्तरं मुलांना अर्थ न कळता पाठ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, लोकभाषांना दार उघडलं. पण मराठी मिस्सा आकाशातून पडली नाही. ‘सुवार्ता’ हे मासिक १९५५ पासून निघत होतं, वसईच्या घरांत वाचलं जात होतं. भाषेची जमीन आधीच नांगरलेली होती. त्या जमिनीत उगवलेल्या दोन फादरांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत. एक थॉमस डाबरे. त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. वसईचे पहिले बिशप तेच, आणि २००९ मध्ये ते पुण्याचे, म्हणजे आपल्या भागाचे बिशप झाले. वारकऱ्याच्या अभंगांवर प्रबंध लिहिणारा कॅथलिक बिशप! १७३९ च्या कुठल्या वसईकराने स्वप्नात तरी पाहिलं असतं का?

दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, जन्म १९४२ चा. १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तेव्हा काहींनी ‘फादर कसा काय अध्यक्ष?’ असा गिल्ला केला. हा प्रश्न ऐकला की आम्हाला आमचा वर्गातला ‘अवशेष’ आठवतो आणि कानशिलं गरम होतात. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

पण जतकरांना दिब्रिटोंचं दुसरं काम जास्त समजेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला व्हायला लागला. बागाईत विकत घ्यायची, इमारती उठवायच्या, आणि विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसून बाहेर विकायचं. उपसा इतका की विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. आपण टँकर येण्याची वाट पाहणारे लोक. तिथे टँकर भरून गेला की पोटात गोळा यायचा. त्या टँकरमागे गुंडांची दहशत होती. दिब्रिटो आणि त्यांचे सोबती ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले आणि तिच्यात सगळ्या धर्मांचे लोक आले. फादरांनी पाण्याबद्दल बोलावं का, असं तेव्हाही विचारलं गेलं. अहो, पाणी गेलं तर बाग जाते, बाग गेली तर घर विकलं जातं, आणि घर विकलं की वहीतलं आडनाव शहरात विरघळतं. धर्मग्राम म्हणजे माणसांचा समाज म्हणायचं आणि ती माणसं जिथे जगतात ती विहीर सोडून द्यायची, हे कसं जमायचं? १९८३ च्या संहितेने व्याख्येत जमीन मागे ढकलली खरी. ती संहिता लिहिणाऱ्यांपैकी कुणी वसईच्या विहिरीवर पोहरा सोडून पाहिला असता, तर वाक्य थोडं वेगळं झालं असतं, असं आमचं आपलं मत.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. तो तिथे मागे बसलाय, दिसतोय आम्हाला. बाबा रे, ठाणं कुठलं यावरून गाव ठरत नाही, एवढं वसई दाखवते. गोवा, दमण, मुंबई काही झालं तरी वहीतल्या माणसांचं सातत्य टिकलं. पण तू यावर खूश होऊ नकोस. कारण वसई हेही दाखवते, की धनी न बदलता गाव जाऊ शकतं. जिल्हा तोच, राज्य तेच, धर्मप्रांत तर स्वतःच्याच नावाचा, आणि बागेच्या जागी बारा मजली इमारत. आपल्या पूर्व भागातली किती घरं सहा महिने ऊसतोडीला बाहेर असतात? म्हैसाळचं पाणी पोचतं का, पोचलं तर कधी, यावर गाव तेच राहणार की नाही हे जास्त ठरतं. पाटीवरची लिपी दुय्यम.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. तो आमचा विद्यार्थी आता साठीला आलाय. त्याचा मुलगा लांबच्या उपनगरात फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या वर्षी नातीचा बाप्तिस्मा होता. नियम असा, की आईबाप ज्या धर्मग्रामात राहतात तिथे तो व्हावा. आजोबांनी हट्ट धरला, जुन्या चर्चमध्येच करायचा. मग तिकडच्या फादरांची परवानगीची चिठ्ठी आणली, इकडच्या फादरांनी ती लावून घेतली. आम्हाला बोलावलं होतं, गेलो होतो. वही नवी होती, छापील रकान्यांची, मराठीत. पत्त्यासमोर फ्लॅटचा नंबर आणि इमारतीचं नाव. शेजारी गावाचा रकाना. तरुण फादर पेन धरून थांबले, त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आमच्याकडे. आम्ही काही बोललो नाही. मग आजोबांनीच वाडीचं नाव सांगितलं, आणि फादरांनी ते लिहिलं.

बरं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.